कायरोप्रॅक्टिकचा उपयोग नक्की कशाला होतो आणि कशाला नाही?

मृण्मयी_एस

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच प्रश्न विचारतेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याची कंबर महिनाभर धरलीये. कपाट सरकवताना चमक भरली, पहिले काही दिवस तर कुशीवर वळणंही जमत नव्हतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासलं, एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला डिस्क बल्ज, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर फुगलीये, असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं काही कारण नाही, दुखणं कमी व्हायच्या गोळ्या घ्या, पडून राहू नका, चालत राहा, फिजिओथेरपी सुरू करा. फरक पडतोय पण हळूहळू, आणि ह्याला धीर नाही. मग ऑफिसातल्या मित्राच्या सांगण्यावरून एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे, जाऊन आला. टेबलावर झोपवून कंबर फिरवली, कटकन आवाज आला आणि उठल्यावर म्हणे एकदम मोकळं वाटलं. ते मोकळं वाटणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं, मग पुन्हा आखडलं, पण तो आता पूर्ण भारावलाय.

माझी अडचण पुढची आहे. तिथे त्याला सांगितलंय की तुझा एक पाय आखूड आहे, मणके जागेवरून सरकलेत, ते परत बसवायला बऱ्याच महिन्यांचं पॅकेज घ्यावं लागेल. वर असंही की घरातल्या सगळ्यांनाच घेऊन या, मुलीचा दमा आणि सासूबाईंचं बीपी दोन्ही मणक्यांमुळेच असतं, मणके सरळ झाले की हळूहळू औषधं सुटतील. मुलगी आठ वर्षांची आहे, इन्हेलर चालू आहे. सासूबाईंची हाडं ठिसूळ झालीयेत असं मागच्या तपासणीत आलेलं.

कंबरेसाठी जायला माझी ना नाही, पण दमा, बीपी?? यातलं खरं किती, खोटं किती, आणि ह्याला पुढे जाऊ द्यावं का? कोणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

गंधार_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाठ-कंबर-मानेचेच पेशंट जास्त बघतो, त्यामुळे जरा मोठं लिहितो.

सगळ्यात आधी एक विचारतो, ते आत्ता घरी नवऱ्याला विचारून घ्या. लघवी अडकते का किंवा कळतच नाही असं होतं का, शौचावरचा ताबा गेलाय का, बसताना सीटला टेकतो त्या भागात, म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती, बधीरपणा आलाय का, पाय लुळे पडल्यासारखे वाटतात का, पाऊल उचलताना चवडा घासतो का. यातलं काहीही असेल तर कायरो नाही, फिजिओ नाही, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. तसंच ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडणं किंवा अपघात, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. मणक्याचा टीबी, गाठ, फ्रॅक्चर ह्या गोष्टी सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारख्याच वाटू शकतात आणि अशा मणक्याला झटका देणं म्हणजे हातानं नुकसान करणं. तुमच्याकडे डॉक्टरांनी तपासून एमआरआय बघितलाय ही चांगली गोष्ट आहे, पण लक्षणं नंतरही बदलू शकतात म्हणून लिहिलं.

आता मुद्दा. कायरोप्रॅक्टर जे करतात त्याला स्पायनल मॅनिप्युलेशन म्हणतात, सांध्याला त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन एक छोटा, वेगवान झटका द्यायचा. हेच तंत्र शिकलेले फिजिओ आणि ऑस्टिओपॅथही वापरतात. साध्या यांत्रिक कंबरदुखीला, म्हणजे उसण भरली, वाकताना धरलं, मोठा आजार नाही अशा दुखण्याला, याचा उपयोग होतो, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. २०१७ साली जामा या जर्नलमध्ये २६ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला होता, नव्यानं सुरू झालेल्या कंबरदुखीवर. त्यात १०० पैकी साधारण १० अंकांनी दुखणं कमी झालं होतं. म्हणजे फरक आहे, पण माफक आहे. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं अशा दुखण्यात आधी शेक, मसाज, अॅक्युपंक्चर, मॅनिप्युलेशन असे बिनगोळ्यांचे उपाय करून बघा असं सांगितलं. जुनाट कंबरदुखीत बीएमजे या जर्नलमध्ये २०१९ ला आलेला ४७ चाचण्यांचा अभ्यास सांगतो की मॅनिप्युलेशनचा परिणाम व्यायाम वगैरे इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच आहे. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं अजून स्पष्ट आहेत, हातानं केलेले उपचार चालतील पण व्यायामाच्या जोडीनंच, एकटे नाहीत.

म्हणून माझं मत असं की नवऱ्याला बरं वाटत असेल तर थोड्या सेशन्सपुरतं जाऊ द्या, फक्त कंबरेसाठी, आणि व्यायाम चालू ठेवून. तीन-चार आठवड्यांत चालणं, बसणं, वाकणं यात ठळक फरक दिसला नाही तर तिथे थांबायचं. महिनोन्महिन्यांचं पॅकेज आधीच घ्यायचं काहीही वैद्यकीय कारण नाही, कारण अशा कंबरदुखीतले बहुतेक लोक काही आठवड्यांत तसेही सुधारायला लागतात, उपचार कुठलाही असो. लांब पॅकेज घेतलं की आपोआप होणारी सुधारणाही त्या पॅकेजच्या खात्यात जमा होते.

"मणके सरकलेत" हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. मणके इतके घट्ट बांधलेले असतात की असे रोज सरकत नाहीत आणि कोणी हातानं ढकलून जागेवर बसवतही नाही. खरंच मणका सरकण्याचा आजार असतो, त्याला लिस्थेसिस म्हणतात, तो एक्सरे-एमआरआयमध्ये दिसतो आणि झटक्यानं मागे जात नाही. तो कटकन आवाज सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना येतो, बोटं मोडताना येतो तोच. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी चालू एमआरआयमध्ये बोटाचा सांधा ओढून ती पोकळी तयार होताना बघितलीये. आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं असं नाही, आणि आवाज न येता केलेल्या मॅनिप्युलेशननंही तेवढंच बरं वाटू शकतं.

मग बरं का वाटतं? झटक्यानंतर थोडा वेळ आजूबाजूचे स्नायू सैल होतात, मेंदूकडे जाणारे दुखण्याचे संदेश काही काळ मंदावतात, हालचालीची भीती कमी होते. ही खिडकी थोडा वेळच उघडी असते, तेवढ्यात चालायचं, वाकायचं, व्यायाम करायचा. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी परत आखडलं ते याचमुळे.

आणि आखूड पाय. झोपवून टाचा जुळवून बघणं ही पद्धत भरवशाची नाही, माणूस टेबलावर जरा तिरका झोपला तरी फरक दिसतो. कितीतरी लोकांच्या पायांत थोडाफार फरक असतोच आणि त्यांना आयुष्यभर काही त्रास होत नाही.

निळासावळा

वरचा प्रतिसाद उत्तम. मी पेशंट म्हणून दुसरी बाजू सांगतो, कारण अशा चर्चेत कायरोला सरसकट भोंदू म्हणायची घाई होते आणि ते मला पटत नाही.

मला सायटिका नव्हता, नुसती कंबर आखडायची, दिवसभर खुर्चीत बसून काम. फिजिओ करून झालं होतं पण मी व्यायाम करायचा कंटाळा करायचो कारण वाकलं की दुखायचं. ज्या कायरोप्रॅक्टरकडे गेलो त्यांनी पहिल्या दिवशी हातच लावला नाही, आधी सगळी हिस्ट्री, रिफ्लेक्स, पायाची ताकद, संवेदना तपासल्या, मग सांगितलं की थोड्या भेटींत फरक पडला नाही तर मी स्वतःच तुम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवीन. दर वेळी शेवटी व्यायाम करून घेतले. दुखणं आटोक्यात आलं तसं म्हणाले आता यायची गरज नाही. मणका सरकलाय, नस दबलीये असलं घाबरवणारं एक अक्षर नाही. माणसामाणसात इतका फरक असतो. मृण्मयी, तुम्ही गेलात तो माणूस मला त्यातला वाटत नाही, दम्याचं बोलला तिथेच कळलं.

सेशननंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, जडपणा येतो, हे आधी सांगून ठेवा नवऱ्याला, नाहीतर घाबरायला होतं. बऱ्याच जणांना होतं आणि आपोआप जातं.

शर्वरी_के

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मृण्मयीताई, बाकी काहीही करा पण मुलीला तिथे नेऊ नका आणि इन्हेलर एक दिवसही बंद करू नका. प्लीज.

दम्यात श्वासनळ्यांना सूज येते, त्या आकसतात, हा आजार फुफ्फुसातल्या नळ्यांचा आहे, मणक्याचा त्यात काही संबंध नाही. आणि हे कोणी तपासलंच नाही असंही नाही. १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दमा असलेल्या मुलांवरची चाचणी छापून आली, निम्म्या मुलांना खरं कायरोप्रॅक्टिक मॅनिप्युलेशन आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण खोटं, चार महिने. दोन्ही गटांत लक्षणं थोडी कमी झाली आणि खऱ्या-खोट्यात फरक काहीच नाही. बरं, त्या मुलांची नेहमीची औषधं चालूच होती. याचा अर्थ नीट बघा, लक्ष दिलं, कोणी हात लावला, काळजी घेतली की मुलाला बरं वाटतं, आईलाही बरं वाटतं, पण श्वासनळी उघडत नाही. दम्यात हे फार धोक्याचं आहे कारण मूल बरं वाटतंय म्हणतं आणि आत सूज तशीच असते. प्रिव्हेंटर, म्हणजे सूज आटोक्यात ठेवणारं रोजचं इन्हेलर बंद केलेलं मूल रात्री अॅटॅक घेऊन येतं तेव्हा काय अवस्था असते ते मी बघते, म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय.

तान्ह्या बाळांच्या पोटदुखीसाठी, सारखं रडण्यासाठी, कानाच्या इन्फेक्शनसाठी, अंथरूण ओलं करण्यासाठीसुद्धा मणक्याला हात लावतात काही जण. यातल्या कशालाही भक्कम पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांच्या बाळावर असं करतानाचा व्हिडिओ फिरला, केवढा गदारोळ झाला होता, त्यानंतर २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डानंच आपल्या लोकांना सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावर मॅनिप्युलेशन करू नका. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की रडणं बहुतेक वेळा आपोआपच कमी होतं, त्या सुमाराला जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं.

अभ्यासू_वाचक

"सगळे आजार मणक्यातून" हे कुठून आलं याला इतिहास आहे, तो कळला की तुमच्या कायरोप्रॅक्टरची भाषा लगेच ओळखू येईल.

१८९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर नावाच्या गृहस्थानं हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेला असा दावा केला. हा गृहस्थ त्याआधी "मॅग्नेटिक हीलिंग" करायचा, म्हणजे आपल्या हातातल्या चुंबकीय शक्तीनं रोग बरे होतात असं सांगायचा. आता ऐकण्याची नस आतल्या कानातून कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून जातच नाही, पण त्यावरून सिद्धांत निघाला की मणके जागेवरून हलले की शरीरातली उपजत शक्ती अडते आणि आजार होतात. पामरनं पुढे १०० पैकी ९५ आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात असं लिहून ठेवलं. याला ते लोक सबलक्सेशन म्हणतात. डॉक्टर लोक हाच शब्द सांधा अर्धवट निखळण्यासाठी वापरतात, तो वेगळा, एक्सरेत दिसतो.

तेव्हापासून या व्यवसायात दोन गट आहेत. एक गट पामरची कल्पना बाजूला ठेवून पाठ-मान-सांध्यांपुरतं काम करतो, संशोधन करतो. दुसरा अजूनही सबलक्सेशन धरून बसलाय. ब्रिटनमध्ये ज्या सरकारमान्य संस्थेकडे कायरोप्रॅक्टरांची नोंदणी होते, त्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनं २०१० मध्ये स्वतःच जाहीर केलं की सबलक्सेशनमुळे आजार होतात याला संशोधनाचा आधार नाही. हे बाहेरच्या टीकाकाराचं म्हणणं नाही, घरातलंच आहे.

त्याच सुमाराचं सायमन सिंग प्रकरण. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये गार्डियनमध्ये लिहिलं की मुलांचा दमा, कानाचं इन्फेक्शन वगैरेंसाठी कायरोप्रॅक्टिकचा दावा करायला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशननं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, दोन वर्षं चालला आणि २०१० मध्ये त्यांनीच मागे घेतला. इंग्लंड आणि वेल्सचा बदनामीचा कायदा २०१३ मध्ये बदलला गेला त्यामागे जी मोहीम होती तिला या खटल्यानं मोठं बळ दिलं.

पण न्यायाचं बोलायचं तर उलटंही सांगायला हवं. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं अनेक वर्षं आपल्या डॉक्टरांना कायरोप्रॅक्टरांशी कसलाही व्यावसायिक संबंध ठेवू दिला नव्हता. चेस्टर विल्क आणि काही कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये खटला भरला आणि १९८७ मध्ये कोर्टानं निकाल दिला की हा बहिष्कार बेकायदा आहे. हल्ली कायरोवाले हा निकाल "कोर्टानं आमची पद्धत सिद्ध केली" असा सांगतात, तसं नाहीये, तो धंद्यातल्या स्पर्धेच्या कायद्याखालचा निकाल होता. पण डॉक्टरांच्या संघटनेचं तेव्हाचं वागणं चुकीचं होतं हे खरंच आहे आणि त्यामुळे पेशंटचंच नुकसान झालं असं मला वाटतं, दोघं एकत्र बसून काम करू शकले असते.

निळासावळा

@अभ्यासू_वाचक एकत्र काम केल्याचं उदाहरण आहे की. अमेरिकन सैन्यातल्या ७५० जणांवरचा अभ्यास, २०१८ चा. कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सहा आठवडे कायरोप्रॅक्टिक दिलं तर नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा दुखणं कमी आणि हालचाल चांगली.

गंधार_फिजिओ

@निळासावळा अभ्यास चांगला आहे, मीही पेशंटना सांगतो. एवढंच लक्षात घ्या की त्यात खोट्या उपचाराचा गट नव्हता, त्यामुळे झटक्याचा वाटा किती आणि जास्त वेळ, जास्त लक्ष मिळाल्याचा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पेशंटला याचं सोयरसुतक नसतं हेही खरंय, त्याला कंबर सुटली म्हणजे झालं.

रेवा२

मी फक्त गंधार यांनी सुरुवातीला लिहिलेल्या धोक्याच्या लक्षणांसाठी प्रतिसाद देतेय. माझ्या मामेभावाला कंबर आणि दोन्ही पायात कळा होत्या, मालिश, शेक, झटके सगळं चाललेलं. एका संध्याकाळी लघवीला होईना आणि बसल्यावर खालचा भाग बधीर, त्याला वाटलं गोळ्यांमुळे असेल, लाजेमुळे घरात बोललाच नाही, दुसऱ्या दिवशी बोलला. कॉडा इक्विना निघालं, डिस्कचा मोठा तुकडा खालच्या नसांच्या जुडग्यावर बसलेला. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पाय वाचले, लघवीचा त्रास थोडा राहिलाच. सर्जन म्हणाले यात तासांचा हिशोब असतो. तेव्हा कृपया नवऱ्याला स्पष्ट शब्दांत विचारा, पुरुष हे स्वतःहून सांगत नाहीत.

मृण्मयी_एस

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रेवा, तुमचं वाचून लगेच विचारलं, तसलं काही नाहीये, उजव्या मांडीपर्यंत कळ जाते कधीकधी, ताकद ठीक आहे. मुलीचं तर आता प्रश्नच नाही, शर्वरी तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

अजून तीन गोष्टी. एक, एमआरआयमधल्या डिस्क बल्जचं काय, तो म्हणतो कायरो केल्यानं बल्ज आत जाईल, आमच्या ओळखीत तर सगळे "मणक्यात गॅप आलाय" म्हणूनच घाबरवतायत. दोन, त्याला मानही करून घ्यायचीये, तिथे सांगितलं की कंबर आणि मान एकदमच करतो, आणि हल्ली ते व्हिडिओ येतात ना, हनुवटीखाली पट्टा अडकवून मान ओढतात, ते बघून त्याला भारी वाटतं. मला बघूनच पोटात गोळा येतो. तीन, सासूबाईंचं काय, त्यांना मानेत आणि खांद्यात दुखतंच, त्या म्हणतायत मीही जाऊन बघते.

गंधार_फिजिओ

सासूबाईंपासून सुरू करतो. ठिसूळ हाडांना झटका नको, हे पक्कं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये मणका किंवा बरगडी साध्या दाबानंही मोडू शकते. संधिवात म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्यांना मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, त्यांनाही नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नको. मानदुखीबरोबर हातातून वस्तू निसटणं, गुंडी लावता न येणं, चालताना तोल जाणं असं असेल तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो, तेव्हा आधी न्यूरो किंवा स्पाइनच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या मान-खांद्याला हलका व्यायाम, शेक, हळूवार हातानं केलेली फिजिओथेरपी, एवढ्यानं बऱ्यापैकी आराम मिळतो. बीपीसाठी मणका दाबून गोळ्या सुटतात असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही, आणि गोळी परस्पर बंद केली तर स्ट्रोकचा धोका आहे.

मान. हा विषय मी कधीच हलक्यात घेत नाही. मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून व्हर्टिब्रल नावाच्या दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेतात. क्वचित या वाहिनीच्या आतल्या थराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि स्ट्रोक येऊ शकतो. मानेला असा झटका दिल्यानंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत. पण कारण काय ते ठामपणे सांगणं अवघड, कारण चीर आधीच पडलेली असेल तरी मान दुखते, म्हणूनच माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो. कॅनडातल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांमध्येही असाच संबंध दिसला. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये सगळं तपासून म्हटलं की कारण सिद्ध नाही पण संबंध दिसतो, पेशंटला तो आधी सांगायला हवा. म्हणजे शक्यता फार कमी, पण झालं तर आयुष्य बदलणारं. आणि मानेला व्यायाम, मोबिलायझेशन म्हणजे सांधा हळूहळू हलवणं, असे बिनझटक्याचे उपाय जवळपास तेवढंच काम करतात, तर माझ्या पेशंटला मी तोच रस्ता दाखवतो.

तुमच्या नवऱ्याची मान तर दुखतच नाहीये ना? मग न दुखणाऱ्या मानेला झटका कशाला. पट्ट्यानं ओढायचे व्हिडिओ बघण्यापुरते ठेवा, त्यात पेशंटची तपासणी दिसत नाही, नंतर महिन्यानं काय झालं तेही दिसत नाही. आणि कोणाचीही, कधीही, मानेच्या उपचारानंतर किंवा एरवीही, एकदम आजवर न झालेलं मान-डोकं दुखणं, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळायला त्रास, चेहऱ्याची एक बाजू बधीर, चालताना झोकांड्या, यातलं काही झालं तर घरी पडून बघायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

डोकेदुखीचंही सांगतो, कोणी ना कोणी विचारेलच. मानेतून उगम पावणाऱ्या डोकेदुखीत हाताच्या उपचारांचा थोडा उपयोग होतो. मायग्रेनमध्ये खऱ्या आणि खोट्या मॅनिप्युलेशनमध्ये फरक न पडल्याची चाचणी आहे, त्यामुळे तिथे भरवसा ठेवू नका.

आता बल्ज. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा. विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज होता, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. डिस्क झिजण्याचं प्रमाण विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६. ह्यांना दुखत काहीच नव्हतं! म्हणजे बल्ज हा केस पांढरे होण्यासारखा वयाचा भाग आहे बऱ्याचदा, दुखण्याचं कारण तोच असेल असं नाही. "गॅप" हा शब्द तर लोकांना उगाच अंथरुणाला खिळवतो. उलट डिस्क झिजली तर दोन मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही. आणि झटका देऊन बल्ज आत ढकलला जातो असं होत नाही. डिस्कचा बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच काही महिन्यांत बऱ्याच जणांत शोषून घेतं, मोठे तुकडे तर जास्तच. पायात कळ मांडीपर्यंतच आहे आणि ताकद शाबूत आहे, तर घाबरायचं कारण नाही. कळ गुडघ्याखाली उतरायला लागली, मुंग्या वाढल्या, पाऊल अडखळायला लागलं तर झटके बंद आणि डॉक्टरांना परत दाखवा.

निळासावळा

मृण्मयी, पुढच्या भेटीला तुम्ही स्वतः बरोबर जा आणि त्यांना सरळ विचारा, शिक्षण कुठलं, नोंदणी आहे का, किती भेटींत फरक अपेक्षित आहे आणि नाही पडला तर काय करणार. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात लायसन्स किंवा नोंदणी लागते, शिक्षणही काही वर्षांचं असतं, सगळ्या देशांत तसं नाही. नावाआधी डॉक्टर लावत असले तरी ती कायरोप्रॅक्टिकची डिग्री असते, एमबीबीएस नव्हे, हेही त्याच्या लक्षात आणून द्या. नीट शिकलेला माणूस अशा प्रश्नांनी चिडत नाही. आणि प्रत्येक वेळी एक्सरे काढून "बघा कसा सरळ झाला" दाखवत असतील तर तिथून उठा, उगाच रेडिएशन.

मृण्मयी_एस

बोलले त्याच्याशी. पॅकेज घेणार नाही, मान नाही, मुलगी आणि सासूबाई नाही यावर आमचं एकमत झालं. कंबरेसाठी थोड्या भेटी करून बघायचं म्हणतोय, पण दुसऱ्या कोणाकडे, आणि फिजिओ चालू ठेवून. गंधार, शेवटचा प्रश्न, कायरोच्या दिवशी फिजिओचे व्यायाम करायचे की सुट्टी द्यायची?

गंधार_फिजिओ

त्याच दिवशी करा, उलट तेव्हाच सोपे जातील. चालणं तर करायचंच, दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं. ठणका जास्त असेल तर संख्या कमी करा पण पूर्ण बंद नको. जड उचलणं त्या दिवशी टाळा. आणि तुमच्या फिजिओला आणि कायरोप्रॅक्टरला, दोघांनाही, एकमेकांनी काय केलं ते सांगत जा, नाहीतर एकाच जागेवर दोघांचे हात पडतात.

शर्वरी_के

मुलीच्या इन्हेलरबरोबर स्पेसर, म्हणजे त्याला जोडायची पोकळ नळी, वापरता ना? औषध घशातच न राहता फुफ्फुसात जास्त पोचतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर तिला घेऊन दाखवायला सांगा, बऱ्याच मुलांची पद्धतच चुकलेली असते आणि मग आईवडिलांना वाटतं औषध लागू पडत नाहीये.